मशीनचं सुतक

आज नववा दिवस. उद्या घाटावर जायचं. तिथून आत्मा पुढे निघतो, मागे वळून पाहत नाही, असं मी आजवर किती घरांत जाऊन सांगितलं असेल! म्हणून आजच लिहून राहिलो. आज दुपारी आपल्या ओसरीवर जे झालं ते तुला सांगायचं आहे, आणि दहा वर्षं जे सांगितलं नाही तेही सांगायचं आहे. एक चूक कबूल करायची होती, बस. तेवढीही माझ्यानं झाली नाही आणि तू निघून गेलीस.

जन्मभर तुझ्याशी तुले-मले बोललो आणि कागदावर मात्र तुला-मला करून राहिलो. हसू नको. पोथ्या उतरवून उतरवून हात तसाच चालतो, आणि या वयात हाताला नवं वळण कोण लावणार!

मी घोंगडीवर बसलो आहे, भिंतीला टेकून. समोर तुझं मशीन. सुतक म्हणून कोणी बोलावत नाही, कोणी शिवत नाही, शेजारची मंडळी जेवणाचं ताट उंबरठ्याशी ठेवून जातात. आपला बाळ अकोल्याहून आला आहे. पोस्टात काम करून करून त्याला सगळं आवरायची, बांधायची आणि रवाना करायची सवय लागली आहे. परवा म्हणाला, "बाबा, ताडपत्रीवाल्याशी बोललो मी. तेराव्यानंतर तो मशीन घेऊन जाईल. आईशिवाय कोण चालवणार आहे ते?" मी हो म्हणालो नाही आणि नाहीही म्हणालो नाही. त्यानं ते होच धरलं.

ते घरात आलं तो दिवस आठवतो ना तुला? आपण तेव्हा मध्य प्रदेशात होतो, राजधानी नागपूरला होती. एका तंबूवाल्या ठेकेदाराची वास्तुशांती मी केली आणि दक्षिणेच्या वेळेला त्यानं हात जोडले. "महाराज, हातात काही नाही. हे घेऊन जा." लढाईच्या दिवसांत तंबू शिवायला आणलेलं लांब हाताचं मशीन! साध्या शिलाई मशीनचा हात वीतभर असतो, याचा चांगला दीड हात. गुंडाळलेली अख्खी सतरंजी त्याच्या काखेत बसेल. मी ते बैलगाडीत घालून अंबादेवीच्या देवळामागच्या आपल्या गल्लीत आणलं तेव्हा लोक दारादारात उभे राहून हसत होते. त्यापेक्षा गाय मिळाली असती तर दूध तरी मिळालं असतं, असं मीच कुरकुरलो. तू मशीनभोवती एक फेरी मारलीस, त्या लांब हाताखालून आपला हात घालून पाहिलास आणि म्हणालीस, "धर्माची गाय अन् दात काहून नाही! येऊ द्या घरात. याच्याखालून गोधडी जाते."

आणि गेली की! पहिली आपली गेली, मग शेजारणीची, मग तिच्या नणंदेची. हातानं धावदोरा घालत जिला अख्खा उन्हाळा लागे ती गोधडी एका दुपारात होऊ लागली. ही बातमी बायांमध्ये पसरायला काय वेळ लागतो! पण तू कोणाचं शिवून दिलं नाहीस. "मी शिंपीण नाही. मशीन भाड्यानं घ्या, आपआपलं शिवा," हा तुझा कायदा. बाया घरूनच थर अंथरून, कच्चे टाके घालून आणायच्या. कोणाची जुन्या लुगड्यांची गोधडी, कोणाची पिंजलेली रुई भरलेली दुलई. शिवणारी पायडलवर बसायची आणि तू मशीनच्या पलीकडे उभी राहून येणारं कापड झेलायचीस. एवढं मोठं धूड एकटीनं हलतच नाही. अलीकडे एक लागते आणि पलीकडे एक. भाड्यात कोणी पैसे द्यायची, कोणी पायलीभर तूर. मी विचारलं नाही, तू सांगितलं नाहीस आणि घर चाललं.

तुझं घड्याळही कसं, तर कवाडातून येणारं ऊन. ऊन उंबरठ्यावर आहे तोवर बडनेऱ्याची बाई, जात्यापाशी सरकलं की नांदगावची. ढगाळ दिवशी ओसरीवर जी भांडणं होत, ती सोडवायला मला पंचांग घेऊन यावं लागे. लोक पत्रिका दाखवायला येत आणि बायांची गर्दी पाहून दारातूनच विचारत, "महाराज, लगन हाये काय घरी?" पुढे पुढे तर मला ओळखायचेच 'मशीनवाल्या भटीणबाईचे महाराज' म्हणून. नाकापेक्षा मोती जड! मी चिडायचो. आता खरं सांगतो, बाहेरगावी कोणी तसं म्हटलं की मला बरं वाटायचं.

दुपारी जेवून मी आत माजघरात आडवा व्हायचो आणि बाहेर ते सुरू व्हायचं. पायडलची खटखट, मध्येच थांबणं, बायांचं कुजबुजणं, तुझं "हं, चालू द्या". उन्हाच्या पट्ट्यात रुईचे बारीक कण तरंगत असायचे. ते खालीही यायचे नाहीत आणि वरही जायचे नाहीत. मी डोळे अर्धे मिटून पाहत राहायचो. मग झोप कधी लागली आणि मशीन कधी स्वप्नात शिरलं ते कळायचं नाही. नेहमी एकच स्वप्न: आपलं घर रुळांवर चाललं आहे, मूर्तिजापूरच्या त्या छोट्या गाडीसारखं सावकाश, इतकं सावकाश की कोणीही उतरून बाजूच्या शेतातली बोंडं तोडून परत चढावं. शेतं मागे जाताहेत, शेतांत बाया उभ्या आहेत, त्या आपल्याला ओळखतात आणि हात करतात. गाडी कोण चालवतं ते मला कधी दिसलं नाही, पण भीती म्हणून वाटली नाही. जाग आली की अंगावर रुईचा कण असायचा आणि चहाची वेळ झालेली असायची.

या नऊ दिवसांत दुपारी आडवा झालो की ते पुन्हा ऐकू येतं. उठून बाहेर येतो, मशीन झाकलेलं असतं. मग मी त्याच्यावरचं फडकं उगाचच सारखं करतो आणि परत जाऊन पडतो.

आता ती गोष्ट. टाळून टाळून किती टाळू!

दहा वर्षांपूर्वीचा पौष महिना होता. मी गावात सत्यनारायण सांगायला गेलो होतो. आलो तर ओसरीवर एक अनोळखी बाई पायडलवर, कपाळ मोकळं, हात मोकळे, आणि सुईखाली धोतरं आणि सदरे जोडलेली गोधडी अर्धी शिवून झालेली. तू नेहमीसारखी पलीकडे. मी विचारलं, कोण? तू म्हणालीस, "ही चंद्रभागा. हिचा मालक गेला. आज सहावा दिवस."

सहावा दिवस! सुतकातली बाई, सुतकातलं कापड, तेही मेलेल्या माणसाच्या अंगावरचं, आणि ते माझ्या घरात, जिथून मी लोकांच्या घरी देवकार्याला जातो. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी काय काय बोललो ते तुला आठवत असेल, मला आठवायचं नाही. ती बाई पायडलवरून उठली आणि भिंतीला लागून उभी राहिली. रडली नाही. एवढंच म्हणाली, "घरात येकच गोधडी व्हती, महाराज. ते त्यायच्या संगं गेली. लेकरं दोन हायेत."

खरं होतं तिचं. मेलेल्याचं अंथरूण घरात ठेवत नाहीत, हे मीच लोकांना सांगतो. अंथरूण टाकून द्या म्हणून सांगतो आणि दक्षिणा घेऊन घरी येतो. मग त्या घरातली लेकरं त्या रात्री काय पांघरतात, हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. तुला पडला होता. तू सुईखालचा दोरा कापलास, अर्धी गोधडी घडी करून तिच्या हातात दिलीस आणि तिला गल्लीच्या तोंडापर्यंत पोचवून आलीस.

आणि मी? मी घर शुद्ध करायला घेतलं. पंचगव्य केलं, दूध, दही, तूप, गोमूत्र, शेण, सगळं यथासांग. दर्भानं चार थेंब शिंपडले असते तरी शास्त्र पुरं झालं असतं. पण रागाच्या भरात मी पंचपात्रीच त्या मशीनच्या डोक्यावर उपडी केली. तू दारात उभी राहून पाहत होतीस.

आठ दिवसांत मशीन जाम. दात्यांत तूप थिजलं, तळाशी दही आंबलं, मुंग्यांची रांग थेट देवघरापासून. कापसाच्या जिनिंगमधला मिस्त्री आणला. त्यानं झाकण उघडून वास घेतला आणि माझ्याकडे वळून म्हणाला, "महाराज, पन्नास मशिनी खोलल्या आपून. याच्यात दही कोनं लावलं?" एरवी असल्या वाक्यावर तू पदर तोंडात धरून आठवडाभर हसली असतीस. त्या दिवशी तू मिस्त्रीला पाणी दिलंस आणि आत निघून गेलीस. मला तेव्हा पहिल्यांदा भीती वाटली, की हे काही साधं भांडण नाही.

मशीन होळीपर्यंत बंद राहिलं. अख्खा हिवाळा गेला. बाया बोचकी घेऊन यायच्या आणि परत जायच्या. तू कोणालाही खरं कारण सांगितलं नाहीस. "बिघडलं आहे," एवढंच. माझी अब्रू तू झाकलीस आणि मी ती झाकू दिली.

आणि आपल्या अंथरुणावरची दुलई! तुझ्या माहेरची, हिरव्या किनारीची. ती त्याच आठवड्यात दिसेनाशी झाली. मी विचारलं, तर म्हणालीस, "धुवाले टाकली." दोन महिने कोणती दुलई धुण्यात असते, सांग! मी थंडीनं आखडून निजायचो, वर सत्कारात मिळालेली पातळ शाल, आणि शेजारी तू तशीच आखडलेली. दुलई कुठं गेली ते मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. चंद्रभागेच्या दोन लेकरांवर ती होती. मी एकदा जरी म्हटलं असतं, 'बरं केलंस', तर तू त्या थंडीत जरा सरकून जवळ आली असतीस. पण सुंभ जळला तरी पीळ जळत नाही. दोघंही आपापल्या कडेला कुडकुडत राहिलो.

होळीनंतर मशीन सुरू झालं तेव्हा तू मला एकच प्रश्न विचारलास. "तुमी शिकलेले माणूस. मशीनले सुतक लागते, असं कोणत्या पोथीत लिहिलं आहे?" मी म्हणालो, "पाहतो." झालं! तेव्हापासून तुझा तो खेळच झाला. वर्षातून दोनदा तरी, भाकरी वाढता वाढता, "सापडलं का?" आणि मी, "पाहून राहिलो." बाळच्या लग्नाच्या गडबडीत, वऱ्हाडी पंगतीला बसलेले असताना तू माझ्या कानाशी येऊन विचारलंस, "सापडलं का?" मी हसलो, तूही हसलीस. लोकांना वाटलं असेल, काय जोडपं आहे! हसण्यावारी नेलेली गोष्ट मिटली असं मी धरून चाललो.

मिटली नव्हती. चंद्रभागा मला एकदा सराफ्यात भेटली. पोरं मोठी झालेली, सोबत होती. "महाराज," म्हणून ती पाया पडायला वाकली आणि मी सवयीनं दोन पावलं मागे सरलो. ती तशीच वाकून रस्त्याला नमस्कार करून उठली. हे मी तुला घरी येऊन सांगितलं नाही.

शेवटच्या आठवड्यात ताप उतरेना. मी उशाशी होतो. तू डोळे उघडलेस, माझ्याकडे बघितलंस आणि ओठ हलले. मी कान जवळ नेला. "सापडलं का हो?" मी काय म्हणालो? "आधी बरी हो, मग पाहू." अरे, काय माणूस आहे मी! उत्तर तोंडात होतं. त्या दिवशीही गिळलं.

आता आजचं सांगतो.

दुपारी ऊन उंबरठ्यावर होतं. मी नेहमीसारखा आडवा, अर्धा जागा, अर्धा त्या रुळांवर. कोणीतरी "भटीणबाई, वो भटीणबाई!" करून हाका मारून राहिलं होतं. मला वाटलं, स्वप्नातल्या शेतातलीच एक बाई उतरून आली. पण हाक थांबेना. बाहेर आलो. दारात छकडा उभा, पायरीवर उन्हानं लाल झालेली बाई, काखेत हे एवढं गाठोडं. नांदगाव खंडेश्वराकडची पार्वतीबाई. तू तिला ओळखायचीस, दर दोन वर्षांनी यायची. तिला काहीच माहीत नव्हतं.

तू गेल्याचं मी लांबूनच सांगितलं. ती मटकन पायरीवर बसली. "कवा वं माय? मले कोनं सांगतलंच नाही," असं म्हणून तिनं पदर तोंडाला लावला. मी काय करणार? मी दाराच्या आत उभा, ती बाहेर. मग तिनं डोळे पुसले, गाठोड्याकडे पाहिलं. लेक पहिल्या बाळंतपणाला आली होती, उद्या लेकरू घेऊन सासरी चालली. तिच्यासाठी दुलई. घरची रुई, घरचं कापड, फक्त शिवायची राहिलेली. छकडा संध्याकाळी परत जाणार.

माझ्या तोंडात सगळं तयारच असतं. "बाई, या घरात सुतक आहे. इथून काही न्यायचं नसते. त्यात बाळंतिणीचं, तान्ह्या लेकराचं..." एवढं म्हणालो आणि पुढचं येईना.

ती गाठोडं उचलून उभी राहिली. तिनं वाद घातला असता, रडून गळ घातली असती, तर मला सोपं गेलं असतं. ती म्हणाली, "तुमी सांगान तसं, महाराज. तुमी म्हनलं जा, त मी जातो."

बस, माझ्यावर सोपवलं. चंद्रभागेनंही भिंतीशी उभं राहून असंच माझ्यावर सोपवलं होतं. मी मशीनकडे पाहिलं. मग म्हणालो, "या. आत या."

बाळ आतून धावत आला. "बाबा! सुतक आहे आपल्याला!"

"मले माहीत आहे. तुले मीच शिकवलं. ते फडकं काढ मशीनवरचं. आणि ताडपत्रीवाल्याला कळव, येऊ नको म्हणून." त्याचं तोंड उघडंच राहिलं. पण फडकं काढलं त्यानं.

पार्वतीबाई पायडलवर बसली, दुलईची कड सुईखाली सरकवली आणि थांबली. "पल्याड कोन?"

खरंच, पलीकडे कोण? मी दार सोडलं आणि तिकडे जाऊन उभा राहिलो. इतक्या वर्षांत त्या जागी मी एकदाही उभा राहिलो नव्हतो. माजघरातून मला नेहमी शिवणारीची पाठ दिसे. इथून तिचं तोंड दिसतं. ती कुठं अडते, कुठं तिला घरचं काही आठवतं, ते सगळं दिसतं. तू रोज हे पाहत होतीस आणि मी तुला विचारायचो, दिवसभर उभं राहून तुझे पाय कसे दुखत नाहीत!

मशीन सुरू झालं. मी घाईनं कापड ओढलं तशी ती ओरडलीच, "वढू नका महाराज, सुई मोडन! ते आपआपलं येते." मग मी नुसते हात पुढे धरले. दुलई सावकाश माझ्या हातांवर येऊ लागली, गरम, जड. ऊन जात्यापाशी सरकलं. रुईचे कण वर उठले आणि तिथंच राहिले. ते रुळ, ती शेतं, सगळं आजूबाजूला होतं आणि मी जागा होतो. मला खात्री आहे, जागाच होतो. तिच्या दोऱ्याचे तुकडे अजून इथं ओसरीवर पडले आहेत, मी झाडू दिले नाहीत बाळला.

"पुढच्या येळी माही जाऊ येईन म्हंते," ती म्हणाली. "येऊ द्या," मी म्हणालो.

आणि मग ते तोंडातून निघालं. ठरवलं नव्हतं. मशीनच्या आवाजात, समोर पाहत, मोठ्यानं.

"नाही लिहिलेलं. कोणत्याच पोथीत नाही. तू विचारलंस त्याच आठवड्यात मी सगळ्या पोथ्या काढून पाहिल्या होत्या. मले तेव्हापासून माहीत होतं. चुकलं माझं."

पार्वतीबाईनं मान वर केली. "मले काही म्हनलं का, महाराज?"

"तुमाले नाही, बाई. तिले."

तिनं पायडल थांबवलं नाही. माझ्याकडे पाहिलंही नाही. "म्हना मंग," ती म्हणाली. "अजून अर्धी दुलई बाकी हाये."